बावन्न भावांचे कपाट

'वाद्यवृंदाचे काहीतरी नाट्यमय, तीव्र असे ऐकायचे आहे, काय ऐकू?' हा प्रश्न साहित्याचे विद्यार्थी आम्हांला वरचेवर विचारतात. विचारणाऱ्याला रचनाकाराचे नाव ठाऊक नसते, कालखंड ठाऊक नसतो. एखाद्या चित्रपटाच्या चार-दोन मिनिटांत शंभरेक वादकांचा एकदम उसळलेला नाद त्याने ऐकलेला असतो आणि तो अनुभव त्याला पुन्हा हवा असतो. अशा प्रश्नाला नाक मुरडणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र हा प्रश्न प्रामाणिक वाटतो, आणि त्याहून अधिक कुतूहलाचा वाटतो. कवितेविषयी सहसा कोणी असे विचारीत नाही. 'काहीतरी तीव्र अशी कविता सांगा' म्हणणारा विद्यार्थी आम्हांला अद्याप भेटलेला नाही. तो मर्ढेकर मागतो, ग्रेस मागतो, फार तर पावसाच्या कविता मागतो. मग संगीताच्याच बाबतीत रचनेऐवजी भावाचे नाव सांगून मागणी करण्याची ही रीत आली कोठून?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही रीत कोणाच्या स्वप्नातही नसावी. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नातील एका नाट्यगृहात बीथोव्हेनने आपल्या नव्या रचनांचा जो कार्यक्रम केला, तो सुमारे चार तास चालला. थिएटरात कडाक्याची थंडी, वादकांची तयारी अपुरी, एक रचना तर मध्येच कोलमडून पुन्हा सुरू करावी लागलेली. त्या रात्री पाचवी सिंफनी प्रथम वाजली. आज जिला आपण 'नाट्यमय' या शब्दाचे उदाहरण मानतो ती रचना ऐकण्यासाठी त्या श्रोत्यांना जागेवर जाऊन बसावे लागले, आणि तिच्या आधीचे व नंतरचे सगळे निमूटपणे ऐकावे लागले. पहिल्या चार स्वरांचा तो प्रसिद्ध आघात सर्वांना पाठ असतो. परंतु या सिंफनीतले खरे नाट्य आमच्या मते तिसऱ्या भागाच्या शेवटी आहे. तेथे सारा वाद्यवृंद जवळजवळ नाहीसा होतो. तंतुवाद्यांचा एक लांबलेला स्वर आणि त्याखाली नगाऱ्याचा अगदी हलका, हट्टी ठोका एवढेच अर्धा-पाऊण मिनिट उरते, आणि मग खंड न पडता चौथा भाग प्रचंड उजेडासारखा अंगावर येतो. ट्रॉम्बोन वाजवणारे तीन भाग हातांवर हात ठेवून बसलेले असतात. ते येथे प्रथम तोंडाला वाद्य लावतात. म्हणजे ज्याला आपण तीव्रता म्हणतो, तिच्या पूर्वतयारीत पंचवीसएक मिनिटांचा काळ आणि काही माणसांचे मौन खर्ची पडलेले असते.

हा काळ कापून टाकण्याची सोय मूकपटाने केली. तत्पूर्वीही संगीतिकांच्या नांद्या स्वतंत्रपणे मैफलीत वाजत, लोकप्रिय उतारे बागेतल्या बँडवर वाजत, हे खरे; पण त्यांना नाव रचनेचेच असे. मूकपटाच्या थिएटरात प्रश्नच निराळा होता. चित्रपट दर आठवड्याला, कित्येकदा आठवड्यातून दोनदा बदले. पडद्यासमोरच्या खड्ड्यात बसलेल्या पियानोवादकाला किंवा वाद्यवृंदप्रमुखाला पाठलाग, आग, मृत्यू, प्रणय, वादळ या सगळ्यांसाठी संगीत हवे असे, आणि तेही उद्या संध्याकाळच्या आत. त्याला रचनाकार कोण याच्याशी कर्तव्य नव्हते. 'पाठलाग कोठे आहे?' एवढेच त्याला विचारायचे होते. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने १९०९ पासूनच आपल्या चित्रपटांसाठी कोणत्या दृश्याला काय वाजवावे याच्या सूचना छापायला आरंभ केला होता. या सूचनांचे पुढे ग्रंथ झाले.

त्यांतील पहिला मोठा उद्योग जुझेप्पे बेचे याचा. हा मूळचा इटलीचा, बर्लिनमध्ये स्थायिक झालेला. त्याच्या चित्रपटप्रवेशाची कथा मोठी गमतीची आहे. १९१३ साली, म्हणजे आपल्याकडे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला त्याच वर्षी, जर्मनीत वाग्नरच्या जीवनावर एक मूकपट निघाला. वाग्नरच्या वारसांनी त्याच्या संगीतासाठी इतकी रक्कम मागितली की निर्मात्यांनी नाद सोडला आणि वाग्नरसारखे वाटेल असे संगीत बेचेकडून करून घेतले. चेहरेपट्टी जुळत असल्यामुळे पडद्यावर वाग्नरची भूमिकाही त्यालाच मिळाली. 'अमुक एकासारखे वाटणारे' संगीत पुरवण्याचा व्यवसाय असा थेट वाग्नरच्या वेषातच जन्मला, याहून समर्पक योगायोग कोणा कादंबरीकाराला सुचला नसता. १९१९ पासून बेचेने 'किनोथेक' या नावाने प्रसंगवार रचनांचे खंड प्रसिद्ध केले, आणि १९२७ साली हान्स एर्डमान व लुडविग ब्राव्ह यांच्या सहकार्याने चित्रपटसंगीताचा एक द्विखंडी कोशच सिद्ध केला. त्यात तीन हजारांहून अधिक उतारे वर्गीकृत आहेत. 'नाट्यमय आविष्कार' हा त्यातला एक मुख्य विभाग. त्याच्या पोटात आपत्ती, अतिनाट्यमय प्रक्षोभ, रात्रीचे अशुभ वातावरण, पलायन, खवळलेला जमाव अशी वाटणी. आणि 'काहीतरी घडणार आहे' या अर्थाचाही एक उपविभाग आहे! आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न जसाच्या तसा येथे छापलेला सापडतो.

अमेरिकेत हेच काम एर्नो रापे याने केले. बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा संगीतकार न्यूयॉर्कच्या भव्य चित्रपटगृहांत वाद्यवृंद चालवी. १९२४ साली त्याने पियानो व ऑर्गन वाजवणाऱ्यांसाठी बावन्न भाव आणि प्रसंगांमध्ये विभागलेला एक जाडजूड संग्रह छापला. प्रत्येक पानाच्या कडेला सगळ्या विभागांची सूची पृष्ठांकांसह दिलेली, की वादकाने एका हाताने वाजवता वाजवता दुसऱ्या हाताने पान उलटून 'अंत्ययात्रा'वरून 'शर्यती'वर उडी मारावी. ग्रीग, मेंडेल्सोन, बीथोव्हेन यांच्या रचनांचे तुकडे त्यात शेजारी शेजारी नांदतात.

रससिद्धांतावर वाढलेल्या आपल्या वाचकाला ही बावन्नांची यादी पाहून प्रथमदर्शनी ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटेल. भरताने आठ रस सांगितले, तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. रापेने बावन्न सांगितले, एवढेच! पण यादी नीट वाचावी. तीत दुःख आहे, भय आहे, उत्कटता आहे. आणि त्यांच्याच रांगेत विमान आहे, रेल्वे आहे, अग्निशमन आहे, खेळण्यातली बाहुली आहे. विमान हा भाव नव्हे. फार तर तो विभाव. नाट्यशास्त्राने विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव निरनिराळे ठेवले आणि त्यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो असे म्हटले. संयोगाला काळ लागतो, क्रम लागतो, पात्र लागते. रापेच्या कपाटात कारण, लक्षण आणि परिणाम यांना एकेक सारखाच खण मिळाला आहे, आणि प्रत्येक खणातून 'रस' तयार स्थितीत बाहेर काढता येतो असे गृहीत धरलेले आहे. धंद्याची गरज म्हणून ते क्षम्य आहे. थिएटरातल्या वादकाला अभिनवगुप्त वाचायला वेळ नव्हता.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो दुबळा नाही. आपल्याकडेही सुभाषितांचे कोश विषयवार रचले गेले. विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोशा'त ऋतू, विरह, सूर्योदय असे खणच आहेत, आणि त्या खणांनी कित्येक नाहीशा झालेल्या कवींचे श्लोक वाचवले. तुकडा काढणे म्हणजे हानीच, असे म्हणता येत नाही. याचे उत्तर आमच्या मते मुक्तक आणि प्रबंध या भेदात आहे. मुक्तक एकटे उभे राहण्यासाठीच रचलेले असते. अमरूच्या एकेका श्लोकात प्रबंधाइतका रस भरलेला आहे, असे आनंदवर्धन म्हणतो ते याच अर्थाने. सिंफनीतला कळसाचा क्षण हे मुक्तक नव्हे. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकातले श्लोक कोशात घेतले तरी वाचनीय राहतील. पण पाचव्या अंकातल्या नकाराचा धक्का कोशात घालता येत नाही, कारण तो धक्का चार अंकांनी मिळून तयार केलेला असतो.

तुकडा मूळ रचनेपासून सुटला की तो कोणाच्याही कामी येतो. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटात कु क्लुक्स क्लानचे घोडेस्वार 'सुटके'साठी दौडत येतात तेव्हा जोसेफ ब्राइलने योजलेल्या संगीतात वाग्नरच्या वाल्किरींची दौड वाजते. मूळ संगीतिकेत तिसऱ्या अंकाच्या आरंभी वीरकन्या जल्लोष करीत जमतात हे खरे. पण लगेच ब्रुनहिल्डा एका गर्भवती स्त्रीला घेऊन बापाच्या कोपाच्या भयाने पळत येते आणि तो जल्लोष पाहता पाहता थरकापात बदलतो. अंकाचा शेवट बाप आणि मुलीच्या निरोपात होतो. उतारा जल्लोषापाशीच कापला की उरतो तो नुसता वेग, आणि त्या वेगावर कोणालाही बसवता येते. १९७९ सालच्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये हेलिकॉप्टरवरून हेच संगीत भोंग्यांतून वाजवीत एका व्हिएतनामी गावावर हल्ला होतो. फरक इतकाच की या दुसऱ्या दिग्दर्शकाला आपण काय करतो आहोत ते पक्के ठाऊक आहे. त्याच्या चित्रपटात संगीत निवडणारा तो लष्करी अधिकारीच आहे.

दुसऱ्या महायुद्धात तर दोन्ही बाजूंनी हे खण उघडले. १९४१ साली जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर पूर्व आघाडीच्या विजयवार्तांपूर्वी जर्मन नभोवाणीवर फ्रान्झ लिस्टच्या 'ले प्रेल्यूद'मधील तुतारीसारखा घोष वाजू लागला. त्याच वर्षी बीबीसीने व्याप्त युरोपसाठीच्या प्रक्षेपणांत बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले चार ठोके नगाऱ्यावर वाजवायला सुरुवात केली. तीन लघू आणि एक दीर्घ, म्हणजे मोर्सच्या लिपीतले विजयाचे आद्याक्षर. जर्मन रचनाकाराचे संगीत जर्मनांविरुद्ध, आणि हंगेरीत जन्मलेल्या लिस्टचे जर्मनांसाठी. लिस्टची ही रचना मुळात एका समूहगानाच्या प्रस्तावनेसाठी योजलेली होती. लामार्तिनच्या कवितेचे शीर्षक तिला मागाहून चिकटले. म्हणजे तिच्यावर अर्थाची चिठ्ठी बदलण्याचा पहिला मान खुद्द रचनाकाराकडेच जातो. आम्ही हे तिरकसपणे लिहीत आहोत असे वाटल्यास वाटो. पण युद्धकाळातल्या एखाद्या जर्मन श्रोत्याला पुढे आयुष्यभर तो घोष ऐकताना कोणत्या बातम्या आठवल्या असतील, याचा विचार 'तीव्र' संगीत शोधणाऱ्याने एकदा करावा.

या कपाटाच्या आतून आलेला आणि त्यावर मात करणारा रचनाकार म्हणून आम्हांला दिमित्री शोस्ताकोविच महत्त्वाचा वाटतो. वडिलांच्या मृत्यूनंतर घर चालवण्यासाठी त्याने विशीच्या आसपास लेनिनग्राडच्या चित्रपटगृहांत मूकपटांना पियानोची साथ केली होती. ठरावीक भावांचा ठरावीक आवाज कसा काढतात, हे त्याच्या बोटांना माहीत होते. त्याची सातवी सिंफनी डिसेंबर १९४१ मध्ये पुरी झाली आणि ५ मार्च १९४२ रोजी कुइबिशेव्ह येथे प्रथम वाजली. स्वरलेखनाची सूक्ष्मचित्रफीत तेहरान, कैरोमार्गे अमेरिकेत पोचली आणि १९ जुलै रोजी तोस्कानिनीने न्यूयॉर्कहून ती प्रक्षेपित केली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये कार्ल एलियासबर्गने ती उभी केली तेव्हा नभोवाणीच्या वाद्यवृंदातले थोडेच वादक वाजवण्याजोगे उरले होते; बाकीचे लष्करी बँडांतून गोळा करावे लागले. मैफलीच्या वेळी शांतता राहावी म्हणून सोव्हिएत तोफखान्याने आधीच जर्मन ठाण्यांवर मारा केला आणि संगीत ध्वनिक्षेपकांवरून शहरभर ऐकवले गेले.

ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण संगीताच्या आत काय घडते ते क्वचित सांगितले जाते. पहिल्या भागाच्या मध्यावर एक ताशासारखा छोटा ढोल जेमतेम ऐकू येईल असा सुरू होतो. त्यावर एक सुरावट येते. ती भयंकर नाही; ती जवळजवळ बाष्कळ आहे, ऑपेरेट्यातल्या गाण्यासारखी. ती संपते आणि पुन्हा येते, निराळ्या वाद्यावर, पुन्हा येते, अशी बारा वेळा. तिच्यात विकास म्हणावा असा काही होत नाही, फक्त वाद्ये वाढत जातात आणि तो ढोल थांबत नाही. दहा-अकरा मिनिटांनंतर तीच बाष्कळ सुरावट असह्य झालेली असते. पाश्चात्त्य टीकाकारांनी या पुनरुक्तीची पुष्कळ टर उडवली. आम्हांला मात्र वाटते की 'अतिनाट्यमय प्रक्षोभ' या खणात घालता येणार नाही असा प्रक्षोभ येथे आहे. कोणताही अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढला, तर आरंभी तो हास्यास्पद आणि शेवटी नुसता गोंगाट वाटेल. आणि त्यानंतर जे येते ते कोणी शोधतच नाही: सगळे ओसरल्यावर एकट्या बसूनचे लांबच लांब, वाट चुकल्यासारखे विलापगीत.

आपल्याकडे हा नाद कोणत्या वाटेने आला, तेही थोडे पाहू. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्याचा श्रोता मर्यादित राहिला. बहुसंख्य मराठी माणसांच्या कानांवर मोठ्या वाद्यवृंदाची गर्जना पडली ती हिंदी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातून, आणि ती वाजवणारे हात बहुतांशी गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत आणि दिवसा स्टुडिओत. संगीतदिग्दर्शकाची चाल वाद्यवृंदात बसवणे हे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांचे काम. माजोर्ड्याच्या गोन्साल्विसांनी रागांवर आधारित वाद्यवृंदरचना लिहून १९५८ साली त्या मुंबईत सादरही केल्या. आज त्यांचे नाव टिकून आहे ते मुख्यतः त्यांच्या शिष्याने, प्यारेलालने, 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्याला ते दिले म्हणून. 'पार्श्वसंगीत' हा आपला शब्द किती नेमका आहे! जे बाजूला, पाठीशी उभे राहते ते. खलनायकाच्या आगमनासाठी वाजलेली ती अर्ध्या मिनिटाची झुंड कोणी लिहिली, हे पडद्यावरच्या नामावलीत बहुधा नसेच.

अलीकडच्या टप्प्याविषयी थोडक्यात. कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'चा प्रथम प्रयोग ८ जून १९३७ रोजी फ्रँकफर्टला झाला. तिच्यातले दैवाच्या चंचलतेवरचे समूहगान जॉन बूरमनच्या 'एक्सकॅलिबर'ने (१९८१) जगभर नेले, आणि त्यानंतर जाहिरातींनी ते इतके वापरले की मध्ययुगीन हस्तलिखितातली ती नशिबाची तक्रार आता दाढीनंतर लावायच्या लोशनची आठवण करून देते. पुढची पायरी म्हणजे तुकडा कापण्याचाही त्रास नको, मुळातूनच तुकडा लिहावा. चित्रपटांच्या झलकींसाठी 'टू स्टेप्स फ्रॉम हेल'सारख्या संस्था (स्थापना २००६) नेमके हेच करू लागल्या. त्यांचे संगीत आरंभी सर्वसामान्यांना विकतही मिळत नसे, पण झलकी पाहून लोकच त्याचा शोध घेऊ लागले तेव्हा २०१० साली 'इनव्हिन्सिबल' हा संग्रह बाजारात आला. बेचेचे कपाट असे शंभर वर्षांच्या आत घरोघरी पोचले. हे संगीत वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. दोन-अडीच मिनिटांत चढत जाण्याचे त्याचे कौशल्य निर्विवाद आहे. फक्त ते चढते तेथून उतरण्याचा विचार त्यात नसतो.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर देतो ते शेवटी सांगतो, कारण त्यात संस्कृतचा संबंध येतो आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. 'तीव्र' म्हणून कोणतीही यादी उघडली तरी तीत गुस्टाव्ह होल्स्टचा 'मंगळ' असतोच. 'ग्रहमाला' या सप्तभागी रचनेचा हा पहिला भाग. पाच मात्रांचा लंगडा, न थांबणारा ठेका. आरंभी तंतुवादक धनुष्याच्या केसांनी न वाजवता त्याच्या लाकडाने तारांवर आघात करतात, त्यामुळे हाडे वाजल्यासारखा कोरडा आवाज येतो. युद्धपटांच्या संगीताने या पाच मात्रांचे किती देणे आहे याचा हिशेब होणार नाही. 'स्टार वॉर्स' (१९७७) पाहताना 'मंगळ' आठवत नाही असा जाणकार विरळा.

होल्स्ट (१८७४–१९३४) हा लंडनमधल्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारा, उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने त्रस्त असलेला शिक्षक. भाषांतरे पसंत पडली नाहीत म्हणून तो स्वतः संस्कृत शिकला. ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने समूहगानाचे रूप दिले, रामायणावरून 'सीता' ही संगीतिका लिहिली, आणि 'मेघदूता'वरून वाद्यवृंद व समूहासाठी एक मोठी रचना केली. कालिदासावर त्याची फार भिस्त होती. मार्च १९१३ मध्ये लंडनला 'मेघदूत' वाजले आणि साफ पडले. खचलेल्या होल्स्टला मित्रांनी स्पेनच्या सहलीला नेले. त्या सहलीत क्लिफर्ड बॅक्स या लेखकाने त्याला फलज्योतिषाची गोडी लावली, आणि तेथून 'ग्रहमाला' सुरू झाली. यक्षाचा मेघ लंडनमध्ये बरसला असता, तर मंगळ कदाचित उगवलाच नसता. तेव्हा हे ग्रह खगोलशास्त्राचे नव्हेत. आपल्या पत्रिकेतल्या ग्रहांसारखे ते माणसाच्या स्वभावाचे आणि दशेचे ग्रह आहेत. 'मंगळ' महायुद्धाचे चित्र म्हणून ऐकला जातो, परंतु तो युद्ध पेटण्यापूर्वीच मनात आकाराला आला होता, असे त्याच्या कन्येने, इमोजेन होल्स्टने, नोंदवले आहे. खुद्द होल्स्टचा आवडता ग्रह होता शनी, म्हणजे वार्धक्य आणणारा: दोनच स्वरसंघांचा थकलेला हेलकावा, मग पायांखालची जमीन सरकावी तशी घंटांची खणखण, आणि शेवटी आश्चर्यकारक शांती. साडेसातीच्या देशात हा भाग अधिक लोकप्रिय व्हायला हरकत नव्हती.

२९ सप्टेंबर १९१८ रोजी एड्रियन बोल्टने निमंत्रितांपुढे ही रचना प्रथम सादर केली. वादकांना तयारीसाठी दोन तासही मिळाले नव्हते. पुढे निवडक भाग वेगळे काढून वाजवण्याची प्रथा पडली, आणि ती होल्स्टला मनापासून नापसंत होती. विशेषतः 'गुरू'वर कार्यक्रम संपवून श्रोत्यांना आनंदात घरी पाठवणे त्याला खुपे. तुकड्यांविषयीची ही तक्रार आमची एकट्यांची नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

ज्याला 'मंगळ' भावला त्याला आम्ही होल्स्टचीच 'सावित्री' ऐकायला सांगतो. १९०८ च्या सुमारास लिहिलेली, १९१६ साली प्रथम रंगमंचावर आलेली ही अर्ध्या तासाची संगीतिका. गायक तीन, वादक अवघे बारा. पडदा उघडतो तेव्हा एकही वाद्य वाजत नाही. रंगमंचाबाहेरून यमाचा एकटा, साथीविना आवाज सावित्रीला हाक मारतो, आणि थोड्या वेळाने सावित्रीचा आवाज त्याच्या आवाजावर आपली वेगळी रेषा ओढू लागतो. वटपौर्णिमेच्या कथेशी बालपणापासून परिचित असलेल्या आपल्याला शेवट माहीत असतो. तरीही तो पहिला आवाज ऐकताना पाठीच्या कण्यातून जे सरकते त्याला कोणत्याही कपाटात खण नाही. होल्स्टच्या संहितेत सावित्री वर मागते तो पुत्रांचा नव्हे, जीवनाचा; आणि सत्यवानाविना आपले जीवन जीवनच नव्हे असे सांगून यमाला कोंडीत पकडते. या सगळ्यात पडद्याआड एक स्त्रियांचा समूह शब्दांवाचून गात असतो.

तोच अदृश्य, शब्दहीन स्त्रीसमूह 'ग्रहमाले'च्या शेवटच्या भागात, 'नेपच्यून'मध्ये, पुन्हा येतो. होल्स्टने स्वरलेखनात सूचना देऊन ठेवली आहे की या समूहाने शेजारच्या खोलीत उभे राहावे, तिचे दार अखेरच्या मापापर्यंत उघडे असावे, मग ते आवाज न करता हळूहळू लोटावे, आणि स्वर दूर जाऊन ऐकू येईनासे होईपर्यंत ते शेवटचे माप पुन्हा पुन्हा गायले जावे. वाद्यवृंद तोवर थांबलेला असतो. 'मंगळा'पासून तेथवर यायला सुमारे पन्नास मिनिटे लागतात.